करदोड्याखालचा डाग : स्क्रब टायफसवरच्या माझ्या थिसिसची हकीकत

जून २०२४ मध्ये माझा एमडी बालरोगचा थिसिस विद्यापीठात जमा झाला. परीक्षाही आता मागे पडली आहे. रेसिडेन्सीत असताना थिसिसच्या या खटाटोपावर मराठीत कुणी काही लिहिलं आहे का, हे मी रात्री-बेरात्री शोधत असे. 'एथिक्स कमिटीने (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीने) काय विचारलं', 'सीटीआरआयला (अभ्यासाच्या नोंदणीला) किती दिवस लागले', 'मुलांची संमती घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं' असे माझे साधे प्रश्न होते. फारसं काही सापडलं नाही, म्हणून आता स्वतःच लिहिते आहे. निकाल आणि तक्ते इथे देत नाही, ते बांधलेल्या प्रतीत आहेत आणि तिथेच शोभतात.

मी मूळची कोल्हापूरकडची. २०२१ ची नीट पीजी सप्टेंबरमध्ये झाली, मग आरक्षणाच्या खटल्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात रुजू झाले. पहिले तीन महिने आठवत नाहीत. जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, थिसिसचा विषय विचारणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची शैली विचारण्यासारखं आहे. मे महिन्यात गाईड ठरल्या. मॅडमनी एकच प्रश्न केला, "पावसाळ्यात वॉर्डात काय भरतं ते तू अजून पाहिलेलं नाहीस ना?" नव्हतं पाहिलं. "मग पाहा, आणि मला सांग की पाच दिवसांच्या वर ताप असलेल्या, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह आलेल्या मुलांना नक्की काय होतं."

उत्तर त्यांना ठाऊक होतंच. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती, त्या वेळच्या आठवणी सिनियर अजून सांगत. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचा जिवाणू एका माइटच्या (गोचिडाच्या जातकुळीतल्या बारीक जिवाच्या) अळीतून माणसात येतो. ही अळी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, नारिंगी-लालसर. गवतात, झुडपात, बांधावर ती उंदराची वाट पाहत बसते आणि उंदराऐवजी माणूस आला तर त्याला चावते. आयुष्यात ती रक्तमांसाच्या प्राण्याला चावते ते फक्त या अळीच्या अवस्थेत, पुढे मातीतच जगते. जंतू मात्र मादीकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे पुढची पिढी जन्मतःच भरलेली बंदूक. चावा दुखत नाही. साधारण दहा दिवसांनी ताप येतो. चाव्याच्या जागी बऱ्याच जणांना काळी खपली धरलेला डाग पडतो, विडीचा चटका बसावा तसा. त्याला एस्कार म्हणतात. तो दिसला की निदान जवळपास झालंच, आणि औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन, दोन्ही स्वस्त. न दिसला तर मूल डेंग्यू समजून आठवडाभर सलाईनवर राहतं आणि मग आजार फुप्फुसं किंवा मेंदू धरतो.

विषय ठरला. आता कागद.

पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या सरांनी नमुनासंख्येचं सूत्र कागदावर मांडलं : चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे आजाराचं प्रमाण, २० टक्के गृहीत; क्यू म्हणजे उरलेले ८०; डी म्हणजे अचूकता, ८ टक्के; उत्तर बरोबर १००. इतकं गोंडस उत्तर पाहून मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "आठ कुठून आला हे तोंडी परीक्षेत विचारतील. उत्तर आत्ताच लिहून ठेव." तुम्हीही ठेवा, खरंच विचारतात.

एथिक्स कमिटीची बैठक आमच्याकडे दोन महिन्यांनी एकदा होई. जुलै २०२२ च्या बैठकीसाठी मी अर्ज नेला. चौदा प्रती, प्रत्येकीत सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), प्रोफॉर्मा (पेशंटची माहिती भरायचा कागद), संमतिपत्र, माहितीपत्रक, गाईडचा आणि को-गाईडचा बायोडेटा. झेरॉक्सचेच एक हजार एकशेचाळीस रुपये झाले. खिडकीवरच्या बाबूंनी पानं उलटली आणि म्हणाले, "को-गाईडची सही नाही." को-गाईड सर परीक्षक म्हणून बाहेरगावी. ते परत आले तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. त्या दोन दिवसांनी माझे दोन महिने खाल्ले आणि त्या दोन महिन्यांनी अख्खा पावसाळा. स्क्रबचा मोसम ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत. माइटला बैठकीचं वेळापत्रक कळत नाही. मोसमी आजारावर काम करणार असाल तर दिनदर्शिका उलटी मोजा : पहिला पेशंट ऑगस्टमध्ये हवा असेल तर एथिक्सचा अर्ज जानेवारीत खिडकीवर हवा, आणि सह्या त्याच्याही आधी.

सप्टेंबरच्या बैठकीत मला बोलावलं. एथिक्स कमिटीबद्दल आमच्यात जी भीती असते ती अशी, की तिथे सगळे ज्येष्ठ प्राध्यापक बसून आकडेवारी विचारणार. प्रत्यक्षात अध्यक्ष संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात, शिवाय एक वकील, एक समाजशास्त्राचे जाणकार आणि एक सामान्य नागरिक. आमच्या कमिटीतल्या सामान्य नागरिक म्हणजे निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी माझं संमतिपत्र पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, हे मोठ्यानं वाचा जरा."

मी वाचू लागले. "सदर संशोधन प्रकल्पामध्ये आपल्या पाल्याचा सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून..."

"थांबा. पाल्य म्हणजे कोण?"

"म्हणजे... मूल."

"मग मूल म्हणा. ऐच्छिक म्हणजे?"

तिसऱ्या ओळीपर्यंत माझा घसा कोरडा पडला. त्या रागावून बोलत नव्हत्या, हे जास्त लागलं. शेवटी म्हणाल्या, "आमच्याकडे सरकारी दवाखान्यात सही मागितली की माणसाला वाटते जोखमीची सही आहे. ऑपरेशनच्या आधीची. पोरगं मरणार म्हणून लिहून घेऊन राहिले, असं वाटते. तुमच्या कागदात पहिल्याच ओळीत हे लिहा, की ही जोखमीची सही नाही."

इतर शेरे नेहमीचे होते, पण नवशिक्याला उपयोगी पडतील. अभ्यासासाठी वेगळी सुई टोचणार का? (नाही, नेहमीच्या तपासणीचं रक्त घेतानाच दोन मिली जास्त.) एलायझाचा (रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या तपासणीचा) खर्च कोण करणार? (पेशंट तर नाहीच. मायक्रोबायोलॉजी विभागाचं लेखी पत्र जोडलं.) उरलेलं सीरम किती दिवस ठेवणार, मग काय करणार? नकार दिला तर उपचार बदलतील का? आणि मध्य प्रदेशातून येणाऱ्यांसाठी हिंदी प्रत कुठे आहे? छिंदवाडा, बालाघाट, शिवनीकडची माणसं आमच्या वॉर्डात कायम असत, आणि मी हिंदी प्रत केलीच नव्हती.

नवं संमतिपत्र मी चार वेळा लिहिलं. शेवटची प्रत वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवली, त्यांना जिथे अडलं तिथे बदललं. पहिली ओळ : "ही जोखमीची सही नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या मुलाचा इलाज जसा चालू आहे तसाच चालू राहील." दोन वर्षांत मी लिहिलेलं सर्वांत चांगलं मराठी बहुधा हेच.

नोव्हेंबरमध्ये फेरसादर, १९ डिसेंबर २०२२ ला मंजुरीचं पत्र हातात. मधल्या काळात विद्यापीठाकडे सिनॉप्सिस गेला. मग सीटीआरआय. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर नोंदणीला पैसे लागत नाहीत, फक्त चिकाटी लागते. माझा अभ्यास निरीक्षणाचा होता, औषधाचा नव्हता, तरी आमच्या कॉलेजने नोंदणी सक्तीची केली होती. एप्रिल २०१८ पासून तिथे आधी पेशंट घेऊन मागून नोंदणी चालत नाही, पहिल्या पेशंटच्या आधीच क्रमांक हवा. दोनदा शंका परत आल्या. एकदा मी पेशंट घ्यायला सुरुवात करण्याची तारीख उलटून गेलेली लिहिली होती, एकदा एथिक्सच्या पत्रावरचं शीर्षक आणि फॉर्मवरचं शीर्षक यांत एका शब्दाचा फरक होता. महिना गेला. शीर्षक सगळीकडे कॉपी-पेस्ट करा, हाताने टाइप करू नका.

मार्च २०२३ पासून मुलं घ्यायला सुरुवात केली. वय एक ते बारा, ताप पाच दिवस किंवा जास्त. पाच दिवसांची अट गाईडनी घातली, कारण आयजीएम प्रतिद्रव्यं (संसर्ग झाल्यावर शरीर जी आधी बनवतं ती) आठवड्याच्या आसपास दिसू लागतात, तिसऱ्या दिवशीचं रक्त तपासून निगेटिव्ह आलं तर त्याला अर्थ नाही. मार्च ते जून माझी फाईल रिकामीच म्हणायची. जूनमध्ये झटके येणारी मुलं आली की वॉर्डात चांदीपुराचं नाव निघे. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावात सापडला त्याचंच नाव त्याला मिळालं, आणि तो वाळूमाशीतून पसरतो. तो माझा विषय नव्हता, पण त्या नमुन्यांच्या पेट्या पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे (एनआयव्ही) पाठवायच्या कामात मीही होते. बर्फाच्या पेटीवर नाव-पत्ता लिहिताना नेहमी वाटे, आपल्या गावाचं नाव असं जगभर जावं असं कुणाला वाटेल?

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वॉर्ड भरला. एका कॉटवर दोन मुलं, उशाशी किवीची फळं. पेशी कमी झाल्या की किवी, हे आता खेड्यापर्यंत पोहोचलं आहे. पपईच्या पानांचा रस तर आधीपासूनच होता. आई-वडील विचारत, "पेशी किती झाल्या?" प्लेटलेट डेंग्यूत उतरतात तशा स्क्रबमध्येही उतरतात, म्हणून पेशींच्या आकड्यात अडकलं की डाग शोधायचा राहून जातो.

एस्कार शोधणं ही माझ्या थिसिसची खरी मेहनत. मॅडमची सक्त ताकीद होती : कपडे काढून, उजेडात, डोक्यापासून पायापर्यंत. कानामागे, काखेत, जांघेत, बेंबीत, अंडकोशावर, केसांत. वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा भरवसा नव्हता म्हणून त्यांनी स्वतःच्या पर्समधला छोटा टॉर्च मला दिला. माझ्या प्रोफॉर्म्यात 'एस्कार : आहे / नाही' असा एकच रकाना होता. पहिल्या आठवड्यानंतर मी पेनने त्यात 'कुणी पाहिलं, किती वेळा' असं वाढवलं (दुरुस्ती म्हणून एथिक्सला कळवून, तेही लागतं).

आठ वर्षांचा एक मुलगा आठ दिवसांच्या तापाने आला. बाहेर डेंग्यू म्हणून इलाज झाला होता. कॅज्युअल्टीत एकाने पाहिलं, वॉर्डात मी पाहिलं, काही नाही. संध्याकाळच्या राऊंडला मॅडम म्हणाल्या, "करदोडा सरकवलास?" नव्हता सरकवला. कमरेचा काळा करदोडा बोटभर वर घेतला आणि खाली डाग, तुरीच्या दाण्याएवढा, काळा, कडेला लाल.

आई एकदम मागे सरली. "मी नाही डागलं जी! देवाशप्पथ नाही डागलं."

मला कळेना. मग सिस्टरनी समजावलं. पोट फुगलं, झटके आले की मुलाला तापल्या सळईने डागण्या देण्याची रीत काही भागांत आहे, मेळघाटातल्या बाळांबद्दल तर सगळ्यांनी वाचलेलं असतं. दवाखान्यात त्यावरून आयांना फार बोलणी बसतात. तिला वाटलं आता आपली पाळी. मी तिला टॉर्च हातात दिला, डाग जवळून दाखवला, सांगितलं की हे किड्याचं काम आहे, तुझं नाही. "कुठे गेला होता हा?" "वावरात. सोयाबीनच्या निंदणाला मी गेली तर हा बांधावर बकऱ्या पाहून राहिला होता."

तेव्हापासून डाग दिसला की मी आधी बोलते : "हा चटका नाही, कीडं चावलं आहे." असं म्हटलं की आईचे खांदे खाली येतात.

आता त्याची संमती. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाला आई-वडिलांसमोर तोंडी विचारायचं आणि त्याची नोंद ठेवायची, त्याहून मोठ्यांची लेखी. मला आधी हा सोपस्कार वाटत असे. त्या मुलाला म्हटलं, "तुझं थोडं रक्त मी अभ्यासाला घेऊ का?"

"सुई किती वेळा?"

"एकदाच. नाहीतरी जी टोचायची आहे तीच."

त्याने विचार केला. "मंग घे."

डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी रात्री ताप उतरला, तिसऱ्या दिवशी तो कॉटवरून उतरून बाजूच्या पोराची किवी मागत होता. स्क्रबमध्ये औषध लागू पडलं की अठ्ठेचाळीस तासांत असा फरक दिसतो, इतका की तो निदानालाही हातभार लावतो. आठ वर्षांखालच्यांना डॉक्सिसायक्लिन दिलं तर दात पिवळे होतात ही जुनी भीती पालकांना सोडाच, कधी कधी डॉक्टरांनाही असते. थोड्या दिवसांच्या कोर्सला ती आड येऊ देऊ नये, हे आता सर्वमान्य आहे.

एका दहा वर्षांच्या मुलीने मात्र मान हलवून 'नाही' म्हटलं. वडील तयार होते. ते माझ्यावरच चिडले, "पोट्टीले काय विचारता मॅडम? मी सही करून राहिलो ना." मोसम भरात होता, ती सगळ्या निकषांत बसत होती, मला ती हवी होती. मॅडमना फोन केला. "नाही म्हणाली ना? मग नाही." फाईल बंद. तिची तपासणी इलाजासाठी म्हणून झाली, औषध मिळालं, घरी गेली. माझ्या शंभरात ती नाही.

माझ्या शंभरात आणखी एक मुलगा नाही. सप्टेंबरच्या शेवटी मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून रात्री अडीचला आलेला, श्वास लागलेला, दहावा दिवस. औषध लगेच सुरू झालं, रिपोर्टसाठी थांबत नाहीतच. व्हेंटिलेटर लावला. एथिक्सला मी लिहून दिलं होतं की अत्यवस्थ मुलांच्या पालकांना चोवीस तासांनंतर विचारीन. चोवीस तासांनी संमतिपत्र घडी करून ॲप्रनच्या खिशात घातलं आणि पीआयसीयूबाहेर (मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर) गेले. वडील पायऱ्यांवर बसले होते. मी शेजारी बसले, पाणी दिलं, परत आत आले. कागद खिशातच राहिला. दुसऱ्या रात्री तो गेला. जांघेतला डाग मी येताक्षणीच पाहिला होता.

सप्टेंबरमध्येच एलायझाचे किट संपले. नवा पुरवठा यायला पाच आठवडे लागले. तोवर सीरम उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये. विजेचा खेळ चाले म्हणून मी फ्रीजरच्या दारावर तापमानाचा तक्ता चिकटवला, सकाळ-संध्याकाळ सही. एका प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, पण आठ-आठच्या पट्ट्या सुट्या काढता येतात. प्रत्येक वेळी कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं ते नमुने) मात्र नव्याने लावावे लागतात, म्हणून चार-पाच नमुन्यांसाठी किट उघडणं परवडत नाही. नमुने साठवून एकदम लावायचे. मायक्रोबायोलॉजीच्या टेक्निशियन दादांशी चहा पिणं हा थिसिसचा भाग समजा. पॉझिटिव्ह कुठून म्हणायचं हा आकडाही प्रदेशागणिक ठरवावा लागतो, किटच्या कागदावर विसंबून चालत नाही. तोंडी परीक्षेतला दुसरा हमखास प्रश्न हाच. तिसरा वाइल-फेलिक्सचा : ती तपासणी स्वस्त, पण तिच्यात स्क्रबचा जंतू नसतोच, प्रोटियस नावाच्या भलत्याच जिवाणूचं ओएक्स-के प्रतिजन वापरतात. शेजाऱ्याला विचारून घरमालकाची ओळख पटवण्यासारखं. बऱ्याचदा शेजारी ओळखतच नाही.

ऑक्टोबरमध्ये जिल्हा हिवताप कार्यालयाचं पथक एका गावात उंदीर धरायला निघालं, सुट्टीचा रविवार होता, मी मागे लागून गेले. थिसिसला याची गरज नव्हती. संध्याकाळी घरांच्या कडेला, गोठ्यात, बांधावर पिंजरे लावले, आत भज्यांचे तुकडे. गावची पोरं म्हणाली, "उंदराले भजे, आमाले काही नाही?" उरलेली भजी त्यांनी संपवली. सकाळी काही पिंजऱ्यांत उंदीर होते. कीटकतज्ज्ञांनी एकाचा कान चिमट्यात धरून मला भिंग दिलं. कानाच्या आतल्या कडेला नारिंगी ठिपके, हळदीत मिरचीपूड सांडावी तसे. हेच ते. एका उंदरामागे सरासरी किती अळ्या हे मोजतात, ०.६९ च्या वर गेलं की धोका. दीड वर्ष ज्याचं नाव लिहीत होते ते पहिल्यांदा पाहिलं, आणि घरी येऊन दोनदा अंघोळ केली.

शंभरावं मूल फेब्रुवारी २०२४ मध्ये भरलं. पुढचं पटकन सांगते कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. मास्टर चार्ट एक्सेलमध्ये. वयाच्या रकान्यात कुठे महिने, कुठे वर्षं लिहिल्याने एक रात्र वाया. संख्याशास्त्राचं काम पीएसएमच्या सरांसोबत बसून केलं, बाहेर पैसे देऊन करून घेणारे आहेत, पण मग तोंडी परीक्षेत बोलती बंद होते. साहित्यचौर्य तपासणीत माझं संमतिपत्रच माझ्या सिनॉप्सिसशी जुळतं म्हणून टक्केवारी वाढली. ते परिशिष्टात टाकून वगळायला सांगा. झेरॉक्स, प्रवास, बांधणी, सगळं मिळून खिशातून अकरा हजारांच्या आसपास गेले. एचओडी सरांची शेवटची सही मिळायला चार दिवस ओपीडीच्या दारात उभी राहिले.

आठ वर्षांचा तो मुलगा दोन आठवड्यांनी फॉलो-अपला आला होता. डागाच्या जागी फिकट वर्तुळ उरलं होतं आणि करदोडा नवा, लाल. आईने स्वतःच तो वर करून दाखवला.

यंदा नवीन जेआर-वनला स्क्रबचाच पुढचा विषय मिळाला आहे. तिला संमतिपत्राच्या मराठी-हिंदी प्रती, सीटीआरआयच्या शंकांचे स्क्रीनशॉट आणि टेक्निशियन दादांचा नंबर दिला. एथिक्सचा अर्ज तिने जानेवारीत दिला आहे. टॉर्च अजून माझ्याकडेच आहे, मॅडमनी दोनदा विचारला.